पाय ब्रेकवर

नारिनच्या गॅरेजात हीटर नव्हता, नुरिलाची केटली तेवढी होती,
आणि जॅकवर उचललेली ओमुरबेकची ऑडी,
एकोणनव्वद सालची,
जर्मनीत दोनदा विकली जाऊन डोंगर चढून इथवर आलेली.

"थरथरते," तो म्हणाला.
गाय लाथ मारते म्हणून सांगावं, तसं.

कधी?
ब्रेक दाबला की.
नुसती पळताना?
नाही. नव्वदलासुद्धा शांत. कपातला चहा हलत नाही.
मग चाकांचं बॅलन्सिंग सोड, नुरिला मला म्हणाली
आणि मी भिंतीवर खडूची एक रेघ मारली.
(ती शिकवताना वहीत लिहू देत नाही,
रेघा मारू देते.)

हाताला जाणवते की बुडाखाली?
ओमुरबेकनं दोन्ही तळवे पुढे धरले,
अजून स्टिअरिंग त्यांच्यात असल्यासारखे.
हाताला. पार कोपरापर्यंत.
म्हणजे पुढची चाकं. दुसरी रेघ.
तरी खात्रीला म्हणून विचारते,
मोकळ्या रस्त्यावर हळूच हँडब्रेक ओढून बघितलास?
ओमुरबेक केटलीकडे बघू लागला.

केबल तुटलीय. दोन हिवाळे झाले.
मग उतारावर उभा कसा राहतोस?
चाकामागे दगड लावतो.
आणि दगड नसला तर?
पाय ब्रेकवर.

तिसरी रेघ तिनं स्वतः मारली, आडवी.

चाक उतरवलं. जॉइंट धरून हिसडले, सगळे घट्ट.
हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं खरवडला,
तो माझ्या जिभेवर आला, जुन्या नाण्याच्या चवीचा.
मग तिनं डिस्कवर आठ ठिकाणी आकडे घातले
आणि मायक्रोमीटर घेऊन फिरू लागली,
नाडी बघणाऱ्या म्हातारीसारखी, ओठ मिटून.
एक, दोन, तीन, चार, पाच: सारखे.
सहावर थांबली.
पुन्हा मोजलं.
"बॅटरी धर."

निळसर काळा डाग होता, पॅडच्याच आकाराचा,
कडा इतक्या नीट की कुणी शिक्का मारून गेलं असावं.

"लोक म्हणतात डिस्क वाकली.
लोखंड इतक्या सहज वाकत नाही रे.
ते तापतं, आणि तापलेलं असताना
कुणी त्याला धरून ठेवलं तर धरणाऱ्याचं थोडं अंगावर घेतं.
कुठे थांबला होतास?"

बराच वेळ तो बोललाच नाही.
मग म्हणाला, दोलोनच्या उतारावर, ऑक्टोबरात.
मेंढ्या होत्या. चारशे तरी.
कुरणावरून उतरत होत्या, गाडीला दोन्हीकडून वळसा घालून.
आणि मागे घोड्यावर कासिमाली.

नुरिलानं मान वर केली. गावाला माहीत होतं.
गवताचा एक पट्टा, एक खुंटी इकडची तिकडे,
आणि अकरा वर्षं.

"इतक्या जवळून गेला की त्याचा गुडघा आरशाला लागला.
आरसा वाकडा झाला. त्यानं थांबून तो सरळ केला,
आणि गेला."
काच खाली केलीस?
"इंजिन चालू होतं. उतार होता.
पाय ब्रेकवर होता."

डिस्कच्या कडेला बारीक आकडे कोरलेले असतात,
ती याहून पातळ चालत नाही म्हणून.
नुरिलानं अंगठ्यानं काजळी पुसून ते वाचले.
लेथवर घेऊ, म्हणाली. एकदा निघेल. दुसऱ्यांदा नाही.
पण आधी केबल.

केबलनं थरथर जाईल?
नाही.
मग?
तिनं त्याला चहा दिला, साखर न विचारता.

मी खोक्यात शोधलं.
ऑडीची नव्हती. गोल्फची होती एक,
चार बोटं लांब.
"आण इकडे," ती म्हणाली, "बसवू."