हरकत

जाहीर नोटिशीचा दर तेव्हा शब्दावर असे.
वायरोआच्या नदीकाठी आमचं चार पानी वर्तमानपत्र,
आठवड्यातून दोनदा निघणारं,
आणि काउंटरवर मी,
पेन्सिलीच्या टोकानं लोकांची वाक्यं मोजणारा.

मेरेआना आली ती कत्तलखान्याच्या पाळीवरून,
पांढरे गमबूट अजून पायांत.
नऊ वर्षं दिवसा मेंढ्या सोलल्या,
रात्री कायदा वाचला.
कागद पुढे सरकवला तिनं, छापील नमुना:

तमाम लोकांस कळविण्यात येते की
खाली सही करणार मेरेआना तुरोआ,
पूर्वीचे नाव मेरेआना हॉज,
हिने वकिलीच्या सनदेसाठी अर्ज केला आहे.
तिच्या चारित्र्याबाबत कोणाची हरकत असल्यास
एकवीस दिवसांच्या आत लेखी कळवावी.
मागाहून आलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही.

"पूर्वीचं नाव गाळलं तर चार शब्द वाचतील," मी म्हणालो.
"नियम आहे," ती म्हणाली,
"जेवढी लावली तेवढी सगळी."
हॉज माझ्या शेजारच्या घरात राहतो.
भिंत पातळ आहे.
मला काय काय ऐकू गेलं होतं, तिला ठाऊक होतं.

हरवलेलं कुत्रं आणि जुना ट्रॅक्टर यांच्या मधोमध
नोटीस छापून आली.
एक प्रत कोर्टाच्या दारावर, चार टाचण्यांनी.

खरं सांगू, गावाला अशी संधी रोज मिळत नाही:
कोणी पदरचे पैसे भरून विचारतं,
माझ्याबद्दल वाईट काय ते सांगा.
पंधराव्या वर्षी दुकानातून उचललेला दुधाचा डबा.
हॉजचा पडलेला दात.
पबमध्ये मलाच एकदा हासडलेली शिवी,
तीही मी दोन रात्री उलटसुलट करून पाहिली.

विसाव्या दिवशी टपालाच्या गाडीतून
ते पाएआ उतरली, तिची आत्या,
दोन काठ्यांवर.
"हरकत लिहून घे."
माझा हात थांबला.
"मुलगी चांगली आहे. नाव चुकलंय.
तू दीर्घ आहे. वर आडवी रेघ येते.
तू म्हणजे उभं राहणं, रोआ म्हणजे लांब.
माझ्या बापाच्या हजेरीपटात मास्तरला रेघेचा कंटाळा आला,
तेच मग दाखल्यावर, तेच पगाराच्या पाकिटावर.
आता तेच घेऊन ही न्यायाधीशासमोर जाणार?"

रजिस्ट्रार म्हणाला, हरकत ती हरकत.
नोटीस नव्यानं, दिवस नव्यानं,
या खेपेची बैठक हुकली,
पुढली चार महिन्यांनी.

मला वाटलं, आत्याच्या काठ्या हिसकावून घेईल.
तिनं गमबुटाची टाच फरशीवर दोनदा घासली.
"हरकत नाही," म्हणाली,
आणि पाकीट काढलं.
"रेघेचे पैसे नाहीत," मी म्हणालो,
एवढीच माझी दानत.

आमच्या खिळ्यांत रेघवाला तू नव्हता.
पितळेची पट्टी कापून, कानशीनं घासून
मीच बसवली, जराशी वाकडी.

शुक्रवारी अंक निघाला.
हॉज आला, दाराशीच उभा राहिला,
दोन प्रती मागितल्या.
एक त्यानं तिथंच उघडून वाचली,
दुसरी घडी न मोडता
कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.
सुटे पैसे द्यायला मी उगाच वेळ लावला.
विचारलं काहीच नाही.