आज ड्यूटी ढोबळेंची

मोबाइल काठावर ठेवलाय, चिवड्याच्या डब्यात, झाकण घट्ट लावून.
तो थरथरत असणार, हे पाण्यावरूनही कळतं मला.
असा वारा सुटला की आधी वाडीचा फीडर जातो,
मग दत्तवाडीचा,
मग कुणाचं तरी टिनाचं छप्पर तारेवर येऊन बसतं
आणि लोक माझ्या आईचा उद्धार करतात.
सहा दिवस वारा म्हणजे तक्रार क्रमांक.
आज रविवार. आज ड्यूटी ढोबळेंची.

आमचं कॅटामरान धड एका घरचं नाही.
डावं होडकं पिवळं, उन्हानं विटलेलं,
उजवं पांढरं, दुसऱ्याच एका मोडलेल्या जोडीतलं;
मधे जाळी ताणून क्लबनं त्यांचं लग्न लावलं.
शिडाला ठिगळ इतवारीतल्या झिबल परातेंचं.
"मी तं मांडवाचे कपडे शिवतो बाई,
हे हवेचं पोतं कुठून आणलं?"
पण टाके असे, की शीड फाटेल, टाका उसवणार नाही.

आणि भूपेश नंदनवार. वय एकोणीस, वजन चोपन्न.
या वाऱ्यात चोपन्न किलो म्हणजे रुमाल.
"दोन प्लेट तर्री-पोहे हाणून आलो मॅडम," म्हणाला,
कमरेच्या पट्ट्यात तार अडकवली
आणि देशकर सरांची शिट्टी वाजताच
होडीबाहेर ताठ आडवा झाला, पाठीखाली नुसतं अंबाझरी.

वारा दिसत नाही म्हणणारे कधी पाण्यावर आलेले नसतात.
तो फॅक्टरीकडच्या झाडांतून निघाला,
काळा पट्टा होऊन, तळ्याच्या अंगावर शहारा काढत.
समुद्र इथून रेल्वेची एक अख्खी रात्र दूर.
या पाण्याला भरती ऐकूनही माहीत नाही,
तरी त्यानं मान वर केली.
पिवळं होडकं उचललं गेलं.
पांढऱ्यावर सगळा संसार.
दोरी, तारा, डोलकाठी, सगळं एका सुरात गुणगुणायला लागलं,
लोड वाढल्यावर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तसं.

सबस्टेशनात अशा वेळी ब्रेकर आपणहून पडतो.
इथे ब्रेकर नव्हता, मुठीत दोर होता
आणि तो सोडायचा, हे मला ठाऊक होतं.
"सोडा मॅडम! सोडा ना बाप्पा!"
मी सोडला नाही.
का, ते विचारू नका.
चार होड्यांत आम्ही पहिले होतो,
आणि आयुष्यात काही क्षण तरी
कुणी माझ्याकडे काही दुरुस्त करायला मागत नव्हतं.

पांढऱ्याचं नाक पाण्यात घुसलं.
भूपेश गोफणीतल्या खड्यासारखा माझ्यावरून गेला.
मग हिरवा अंधार, तोंडात जलपर्णीची चव,
आणि वर आले तेव्हा
दोन्ही होडकी पोट उघडं टाकून निजलेली,
डोलकाठी खाली गाळात रुतलेली. नवतपातलं पाणी, आटून किती उरलेलं!
कुंदा मेश्राम शेजारून सणसणत गेली,
"जित्या आहात ना?"
"आहोत!"
उत्तर ऐकायला ती थांबली नाही. मीही नसते थांबले.

एक दोर, दोन माणसं, एकशे अठरा किलो, अधिक ओले कपडे.
पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही.
भूपेशनं परातेंच्या नावानं काहीतरी पुटपुटलं, शिवी की नवस,
आणि गाळानं काठी सोडली,
चिखलातून म्हशीनं पाय काढावा तसा आवाज करत.
ठिगळ जागच्या जागी होतं.

रेषेवर पोचलो तेव्हा बाकीचे किनाऱ्यावर चहा पीत होते.
देशकर सर एकटे छत्री धरून उभे,
छत्री उलटी झालेली, घड्याळ सुलटं.
शिट्टी त्यांनी वाजवली नाही.
ओरडले, "अजून एक फेरी बाकी आहे तुमची!"

मी भूपेशकडे पाहिलं. कोपर फुटलेलं, एक बूट तळ्याला दिलेला.
मागून काळा पट्टा पुन्हा निघाला होता.
पोट्टा काही बोलला नाही,
पट्ट्यात तार अडकवली
आणि बाहेर झुकला.