वाकातलं पाणी

महिनाभर पुण्याला लेकीकडे होते.
मानेवाड्याचं कुलूप काढलं, तर आधी वासच बाहेर आला,
जसा काही तो भाडेकरू आणि मी पाहुणी.

जाळी उपसली : चहाचा गाळ, दोन शितं वाळून खडा झालेली,
कडेला सावजी रश्श्याचा लाल ओघळ, मार्चमधला असेल.
मूठभर सोडा टाकला, वर व्हिनेगर.
फसफसलं, निवलं,
तासाभरात वास पुन्हा हजर.
ढोबळेबाई म्हणाल्या, संत्र्याची सालं उकळून ओता.
मे महिन्यात कुठली हो संत्री?

शेवटी निनावे आला. कुलरवाला, पण नळाचंही करतो.
ओट्याखाली आडवा झाला, बॅटरी मारली,
नाकसुद्धा मुरडलं नाही.
"काई नाई जी मावशी, पाणी आटलं.
हा पाइपाचा वाक हाय ना, याच्यात पेलाभर पाणी राह्यते.
तेच झाकण. दुसरं झाकण नसते."
एक तांब्या ओतला,
पैसे नको म्हणाला, चहा घेतला.

रात्री कुलर घरघरत होता आणि मी जागी.
गल्लीखालून एकच गटार जातं, माझं, ढोबळ्यांचं,
आम्ही बोलत नाही त्या कोपऱ्यावरच्या घराचंही.
मध्ये उभं
पेलाभर पाणी.

आता गावाला निघताना किल्ली ढोबळेबाईंकडे देते.
तुळस तशीही जगत नाही माझ्याकडे, ती राहू द्या म्हणते.
सिंकमध्ये तेवढा एक तांब्या,
दर सोमवारी.