ड्राय बाल्कनी

चौथा मजला, भांडुप पूर्व.
वन बीएचके म्हणायला परमारचीच जीभ हवी.
खिडकीतून मिठागराचा एक तुकडा दिसतो,
त्याचे पैसे वेगळे लावले नाहीत एवढंच.
"आणि मॅडम, मशीन घरातच!"
त्याने बाल्कनीचं दार असं उघडलं
की आत देव्हारा असावा.

सात किलोचं. झाकणावर ओरखडे,
नळीला सुतळी बांधलेली.
मी वाकून ड्रमचा वास घेतला.
परमारला वाटलं, नखरे.
त्याला काय ठाऊक,
आमच्याकडे कपडा आधी नाकाने वाचतात.

आडनाव विचारलं, मी सांगितलं.
मालकीणबाई हसल्या,
"मग काय, मशीन चांगल्या हातात पडलं."
मीही हसले.
सत्तर हजार डिपॉझिट होतं,
हसणं त्यातच धरलेलं असावं.

करार अकरा महिन्यांचा.
कलम नऊ: खिडकीबाहेर कपडे वाळत घालू नयेत.
कलम चौदा: भिंतीला खिळा नाही, कुठलीही खूण नाही.
साक्षीदार दोन.
एक लॅबमधली हेमांगी,
दुसरे अण्णा,
मुलुंडहून अर्धा तास आधीच आलेले,
शर्टाच्या बाहीची घडी अजून न मोडलेली.

अंगठ्याचं यंत्र घेऊन पोरगा आला.
हेमांगीचा लागला. मालकीणबाईंचा लागला.
माझा दुसऱ्यांदा लागला.
अण्णांचा लागेना.
पुसून बघितला, ओला करून बघितला, डावा बघितला.
"काका, जोरात दाबा."
अण्णांनी दाबला, चादरीचा पीळ दाबावा तसा.
लाल दिवा.
"रेषाच नाहीत," पोरगा म्हणाला,
वाईट हेतूने नव्हे, स्क्रीनकडे बघत.
चाळीस वर्षांचा सोडा आणि भट्टी.
खालून वॉचमन मिश्राला बोलावलं.
दोन सेकंदांत तो माझ्या घराचा साक्षीदार झाला.

अण्णा उठून बाल्कनीत गेले.
ड्रममध्ये हात घालून गोल फिरवला.
"पीळ बरा असेल याचा," म्हणाले,
"पण खूण कुठे करतं?"

खूण म्हणजे बिब्ब्याची.
कॉलरच्या आत, परकराच्या नेफ्यापाशी.
डॉक्टर सामंतांचे दोन ठिपके,
प्रधानांची फुली,
खोली अकराची उभी रेघ, खाली टिंब.
दीडशे घरं डोक्यात,
रुमाल इकडचा तिकडे गेला नाही कधी.
आमच्या कपड्यांवर मात्र काहीच नसायचं.
सगळ्यांचे गठ्ठे बांधून झाले
की बिनखुणेचं उरेल ते आपलं.
शाळेचा फ्रॉक मी असाच ओळखायचे.

सगळे गेल्यावर पडदे लावले धुवायला.
मशीन थरथरत वीतभर पुढे आलं.
अण्णांनी गुडघा टेकवून धरून ठेवलं,
इंजेक्शनला घाबरलेल्या पोराला धरावं तसं.
पाणी वाहून जाताना कान देऊन ऐकलं,
काही बोलले नाहीत.

मग चहा झाला.
मग चष्मा नसताना त्यांनी कराराची प्रत मागितली,
आणि माझं पेन.
शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला,
शर्ट असता तर कॉलर आली असती तिथे,
तीन ठिपके. मधला किंचित वर.
"ही कोणाची?" मी विचारलं.
"कोणाचीच नव्हती," म्हणाले,
"रिकामी ठेवली होती."