बसणं

आमच्याकडं 'पितोस का' असं कुणी विचारत नाही.
'बसायचं का आज?' म्हणतात.
मीही बसत आलो,
आधी इचलकरंजीत, मागाची पाळी सुटल्यावर
सायझिंगच्या भिंतीआड, शेंगदाण्याच्या पुडीभोवती.
पुढं दम्मामला बसायची सोय नव्हती,
तर दर गुरुवारी पूल ओलांडून बहारीनला.

दोन्ही अंगांना एवढा समुद्र,
मला त्यातला थेंबही आठवत नाही.
पासपोर्टात नुसते शिक्के: गेला, आला, गेला, आला.
आला कसा, ते रुझारला ठाऊक.
तो डाळिंबाचा रस घेऊन गाडीत थांबायचा,
आणि मधल्या बेटावर, कस्टमच्या अलीकडं,
माझं तोंड ओल्या फडक्यानं पुसायचा,
लेकराचं पुसावं तसं, पण जोरात.

आईचा दहावा मी फोनवर बघितला.
घाटावर पिंड, पिंडावर दही,
कावळा काही शिवेना.
अकरा वाजले. बारा वाजले.
काकू म्हणाली, हिचा जीव अडकलाय कशात तरी.
मग धाकट्यानं फोनच पिंडापुढं धरला:
'दादा, तू बोल. शब्द दे तिला.'
मी मनामाच्या लॉजवर, हातात पेला,
कॅमेऱ्याच्या खाली धरलेला.
म्हटलं, 'सोडतो, आई.'
कावळा आला. शिवला.
माणसं सुटल्यासारखी पायऱ्या चढून गेली
आणि मी पेला वर घेतला.

ते खोटं चार महिने पोटात राहिलं.
मग एका नंबरवर फोन केला.
बाईचा आवाज, कोकणी वळणाचा:
'गुदैबियात या. शिंप्याच्या दुकानामागं जिना आहे.
पाटी नाही.'

पहिल्या मजल्यावर दार ढकललं तर आत कॅरम.
कुणी मान वर केली नाही.
एकानं हातातल्या स्ट्रायकरनंच छताकडं दाखवलं.
रोजचंच असावं.

वर नऊ खुर्च्या, गोल.
एसी गळत होता, खाली बादली.
मी दारातच.
'बसा,' बाई म्हणाल्या,
आणि त्या एका शब्दानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं.
खरं सांगतो. इतकी सवय.

तीन गुरुवार नुसता बसलो,
चहा घेतला, बादली बघितली.
चौथ्यांदा बोललो, तिथल्या सगळ्यांच्या मोडक्या हिंदीत,
आणि कावळ्यापाशी येऊन अडकलो.
'कौवे ने छुआ,' म्हटलं. कसंतरीच वाटलं.
रोमेल, गोदीतला वेल्डर, म्हणाला, 'कौन सा कौवा?'
हसलं कुणी नाही.
शशिधरन, जो कधीच बोलत नाही,
उठला, बादलीत हात बुडवले
आणि ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. दोन. तीन.
'हमारे उधर ऐसे बुलाते हैं.'
मग खुर्चीत परत बसत:
'मेरे बाप का नहीं आया.'
पाणी माझ्या शर्टावर उडालं.
तसंच राहू दिलं.

परतताना कस्टमवाल्यानं डिकी उघडायला लावली.
जाकीट, रुझारची गळाची काठी, थर्मास.
झाकण काढून त्यानं वास घेतला.
'चाय?'
'चाय.'
जरा हिरमुसलाच बिचारा.

सुनेत्राचा फोन आला तेव्हा आम्ही पुलावर होतो.
ती आधी बोलत नाही. ऐकते,
माझा श घसरतोय का.
मग: 'बसला होतास?'
'बसलो होतो.'
पलीकडं कुकरची एक शिट्टी गेली.
'नऊ जण होतो. चहा होता,' म्हटलं,
आणि तिथली नावं बाहेर काढायची नसतात
तरी तोंडातून गेलं,
'शशिधरन म्हणून एक आहे, त्यानं आज...'

'थांब,' ती म्हणाली.
'काय नाव?
परत म्हण.'