सरळ रेषेत

सैंदाण्यांच्या नातवानं मोबाइलवर दोन गावांची नावं टाकली,
जळगाव आणि कॅलगरी,
आणि मला मोठ्यानं वाचून दाखवलं :
सरळ रेषेत अकरा हजार नऊशे पन्नास किलोमीटर,
उडायला पंधरा तास.

सरळ रेषेत.
छत्तीस वर्षं मी अमळनेर तालुक्यात जमिनी मोजल्या.
सरळ रेषेत बाभूळ येते, विहीर येते,
भाऊबंद येतात काठ्या घेऊन.
तेहतीस फुटांची साखळी ताणायची
तर दुसऱ्या टोकाला एक माणूस लागतो,
आणि तो 'हां' म्हणाल्याशिवाय
आकडा लिहायचा नसतो.

रात्री पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशेब केला :
अकरा लाख अठ्ठ्याऐंशी हजार साखळ्या,
एखाददुसरी इकडेतिकडे.
पोरगा म्हणाला होता, ही रेषा उत्तर ध्रुवाच्या अंगावरून जाते.
बर्फात खुंटी कशी ठोकायची,
मला एवढंच सुचलं.

हिनं विचारलं, "कितला दूर शे?"
म्हटलं, पंधरा तास.
"मंग आज निंघनी का सकाय जेवाले घर."
आणि भरिताची वांगी निवडायला बसली,
हिरवी, बिनडागाची, देठ धरून.

रेषेवरून कोणीच आलं नाही.
फ्रँकफर्टला सात तास बाकडं,
मुंबईला पेटीची वाट बघत दीड तास,
आणि मुंबईहून इकडे यायचं छोटं विमान रद्द.
हे प्रणिताला कळलं तेव्हा ती गाडी पकडायला धावली.
मला कळलंच नाही.
मी सकाळी कुसुंब्याला, विमानतळाच्या फाटकाशी,
नवा स्वेटर घालून.
फोन घरी, चार्जिंगला.
कुंपणापलीकडे कमरेएवढी दादर,
सवयीनं मी बांध पावलांनी मोजला,
दोनदा मोजला, दोनदा वेगळा आला.

चौकीवरचा बाविस्कर म्हणाला, काका, आज विमान नाही,
आणि आपला फोन दिला.
घरून ही ओरडली,
"पोर दोन तासफाईन ठेसनवर बठेल शे!"

विमानतळ ते स्टेशन सात-आठ किलोमीटर असेल.
अजिंठा चौफुलीवर केळीचा ट्रक आडवा.
रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं, तंबाखू मळली,
मी त्याला म्हटलं, माझी मुलगी कॅनडाहून आली आहे.
तो म्हणाला, मग आता काय, पोहोचलीच की.
पंचवीस मिनिटं.
अख्ख्या वाटेतली लांब पंचवीस मिनिटं तीच,
आणि ती माझ्या वाट्याची.

पेटीवर बसली होती, हातात कागदी कप,
केस कापलेले. आधी ओळखलीच नाही.
गर्दीतून तिनं हात वर केला
साखळीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस करतो तसा,
आणि मी रस्त्यातच, रिक्षाचे पैसे द्यायचे सोडून,
"हां" म्हणालो.

आता दुपारचे बारा. तिकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा.
ती पलंगावर आडवी झोपली आहे, मोजे घालूनच.
भरीत तयार, वर कच्चं तेल, कांद्याची पात.
उठवू का, मी विचारलं.
ही दारातून बघत राहिली.
"पोर उनी," म्हणाली,
"तिनी भूक मांगेच ऱ्हायनी. येवू दे तिले,"
आणि कळण्याच्या भाकरीवर
दुसरं ताट पालथं घातलं.