तर आणि तरच

साडेआठला शेवटचं मूल उतरतं.
तिथून दोन वाजेपर्यंत ही पिवळी बस माझी.

डुलुथच्या टेकडीवर, डेपोच्या कुंपणाला तोंड करून
मी तिला उभी करते, इंजिनाला विजेची वायर लावते,
नाहीतर दुपारी ढिम्म हलत नाही.
खाली सरोवर काठाकाठाने पांढरं पडत चाललेलं.
खनिजाचं एक जहाज हिवाळ्यापुरतं बांधून ठेवलंय,
त्याच्यावर कुणीच नाही.

हीटर सातव्या सीटखाली आहे. म्हणून मी सातव्या सीटवर.
मांडीवर पुस्तक, ग्रंथालयाच्या रद्दीतून दोन डॉलरला आणलेलं.
आधीच्या कुणीतरी उत्तरांवर खुणा करून ठेवल्यात,
ठाम, शाईने,
आणि बऱ्याचशा चुकीच्या.

वय सत्तेचाळीस. लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा एप्रिलात.
हॅल्वर टायर तपासता तपासता म्हणतो,
डेल्फीन, तू वकील होईस्तोवर पेन्शन सुरू होईल तुझी.
होऊ दे की. फी कशातून भरू मग?

पहिल्यांदा कोडी सोडवली.
सात माणसं एका रांगेत बसली आहेत.
एफ जीच्या शेजारी नाही. एच पुढे, पण केच्या मागे नाही.
हसूच आलं. सोळा वर्षं दुसरं काय करते मी?
वेन्डेल आणि ओटिस एका बाकावर आले की रक्त निघतं.
लिनियाला वळणावर उलटी होते, तिला पुढची खिडकी.
इंग्रिड गप्प बसेल, पण भाऊ मागच्या सीटवर असेल तर
आणि तरच.
एफला वेन्डेल केलं, जीला ओटिस,
सहा मिनिटांत रांग लागली.

नोव्हेंबरात कळलं, कोड्यांचा तो अख्खा भाग
परीक्षेतून कधीच काढून टाकलाय.
पुस्तक जुनं होतं.
त्या दिवशी कोरड्या काचेवर
मी वायपर दोनदा फिरवले उगाच.

उरले ते उतारे. आणि युक्तिवाद.
आई म्हणायची, जर-तरवर चूल पेटत नाही.
इथे मात्र पानंच्या पानं जर-तरची,
पस्तीस मिनिटं, अंडी उकडायचं घड्याळ लावून.

पान एकशे चौदा. खालील युक्तिवादातली खोट ओळखा.
खोट ओळखली, आणि पेन्सिल खाली ठेवली.
कारण हे मी आधी ऐकलं होतं. तीन वर्षांपूर्वी,
घरभाड्याच्या कोर्टात, कोरालीच्या शेजारी उभी राहून.
घरमालकाचा वकील, गुळगुळीत दाढी, बोलला होता,
ज्यांनी ज्यांनी पत्र लिहिलं, त्यांची घरं थंड होती.
या बाईंनी पत्र लिहिलं नाही.
म्हणजे यांचं घर थंड नव्हतं.

आणि मी मान डोलावली होती.
बहिणीच्या बाजूची मी, मान डोलावली,
कारण ते इतकं सरळ वाटलं,
कारण त्याचा आवाज इतका शांत.
सात मिनिटांत निकाल. महिनाअखेर तिची गादी
माझ्या बैठकीच्या खोलीत.

कोरालीला अजून सांगितलं नाही.
काय सांगू, की खोटीला नाव आहे,
छापील, क्रमांक घातलेलं, पाच पर्यायांतलं तिसरं?

घड्याळ वाजतं. पावणेदोन. वायर काढते,
पुस्तक प्रथमोपचाराच्या पेटीमागे.

शाळेच्या दारात ओटिस पायरीवरच अडून,
मिस डेल्फीन, मी वेन्डेलजवळ बसू?
काल तो खिडकीशी होता म्हणून मी मारलं.
आज खिडकीशी मी.
म्हणजे आज मारणार नाही.

त्याच्या नाकाखाली गोठलेला शेंबूड, हातात एकच मोजा.
म्हटलं, हे सिद्ध होत नाही, ओटिस.
तो थांबला. मागे रांग खोळंबली.
मग काय सिद्ध होतं? त्याने विचारलं,
अगदी मनापासून.

म्हटलं, बस.
आणि पुलापर्यंत
रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघत राहिले.